पाढे पाठ, पण हिशेब कच्चा

पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा दुकानी सुटे पैसे मोजताना अडखळतो. हा दोष मुलाचा नव्हे, पद्धतीचा होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेल्या कार्यात शिंपले, खडे, पाने हीच शिक्षणसाधने ठरली. तो मार्ग प्रत्येक शिक्षकास खुला आहे. दहादहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधवाव्यात. बत्तिसातून सात वजा करताना मुलाने स्वहस्ते एक पुरचुंडी सोडली, म्हणजे 'हातचा' निराळा समजावावा लागत नाही. पाठांतर त्यानंतर करवावे. व्यापाऱ्यांनी शाळेस तराजू व मापे द्यावीत. ज्यास हिशेब उमगत नाही, त्यास सावकार सांगेल ते व्याज निमूट भरावे लागते.