ट्रकची हवेची टाकी आणि कॉम्प्रेसर


गळीत हंगाम आटोपला की आपल्यापैकी काहीजण ट्रक घेऊन महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूर-महाडला भाड्याला जातात. पाटे काढून हवेचे फुगे बसवण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : हवेवर पहिला हक्क ब्रेकचा.

म्हणून फुग्यांना वेगळी टाकी द्यावी व मध्ये संरक्षक व्हॉल्व्ह बसवावा. मग फुगा फुटला तरी ब्रेकची हवा शाबूत राहते. नुसती मोठी टाकी घेऊन भागत नाही. २० लिटरची टाकी ८ बार दाबापर्यंत भरायला सुमारे १६० लिटर बाहेरची हवा लागते; ४० लिटरला दुप्पट. कॉम्प्रेसर तोच ठेवला, तर वेळही दुप्पट. घाटात ब्रेक वारंवार दाबावा लागतो, तेव्हा हा वेळ मिळत नाही. शिवाय सतत भरत राहणारा कॉम्प्रेसर तापतो, तेल टाकीत ढकलतो. तेव्हा टाकी व कॉम्प्रेसर जोडीनेच निवडावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या रचनेत परस्पर बदल चालत नाही. आधी आरटीओत विचारावे.

कोकणची हवा दमट. टाकीत पाणी साचून गंज धरतो. रोज टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. उतार लागण्यापूर्वी दाबाचा काटा बघा. काटा खाली असेल तर थांबा. महाडला तासभर उशिरा पोचलात तरी चालेल.