सन सबा सलासीन : साष्टीच्या मोहिमेतील एका वर्षाची गणना

भिवंडी तालुक्यातील वळ आणि त्याच्या शेजारचे अणजूर ही गावे मराठ्यांच्या साष्टीवरील मोहिमेच्या इतिहासात ज्या मुलखात येतात, तो मुलूख उल्हास नदीच्या खाडीने दोन भागांत विभागलेला आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात खाडीच्या अलीकडे, कल्याण-भिवंडीकडे, मराठ्यांचा अंमल होता. पलीकडे साष्टी बेटावर पोर्तुगीज होते. आणि त्याच्याही दक्षिणेस मुंबई बेटात इंग्रज कंपनीचे ठाणे होते. अणजूरच्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक यांचा या मोहिमेच्या आखणीत मोठा वाटा होता, हे सर्वश्रुत आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने रात्री ठाण्यात प्रवेश करून तेथील अपुऱ्या बांधणीचा किल्ला घेतला, आणि वसईच्या दीर्घ मोहिमेस आरंभ झाला. ही घटना इ. स. १७३७ ची होय. परंतु ती कोणत्या दिवशी घडली, या साध्या प्रश्नास निरनिराळे ग्रंथ निरनिराळे उत्तर देतात. काही ग्रंथांत २६ मार्च आढळते, तर काहींत ६ एप्रिल. पहिल्या दृष्टिक्षेपात येथे साधनांचा विरोध आहे असे वाटते. वस्तुतः विरोध मुळीच नाही. दोन्ही तारखा एकाच रात्रीच्या आहेत.

या भेदाचे कारण पंचांगात आहे. पोर्तुगालने पोप तेरावे ग्रेगरी यांची सुधारित गणना १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनी जूलियन गणना सोडली नाही. इ. स. १७०० नंतर या दोन गणनांत अकरा दिवसांचे अंतर पडले होते. त्यामुळे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची ६ एप्रिल ही मुंबईच्या इंग्रजाची २६ मार्च होती. पोर्तुगीजांनी वसई सोडण्याच्या तहाबाबतही हेच घडते. त्याची तारीख कोठे ५ मे १७३९, तर कोठे १६ मे १७३९ अशी दिलेली दिसते.

भेद एवढ्यावर थांबत नाही. इंग्लंडमध्ये त्या काळी कायद्याने वर्षारंभ १ जानेवारीस नव्हे, तर २५ मार्चला होत असे. म्हणजे ठाणे पडण्यापूर्वी दोन-चार दिवस अगोदर लिहिलेल्या इंग्रजी कागदावर १७३६ हे वर्ष असू शकते. १७३६/३७ असे जोडवर्ष लिहिण्याचा प्रघातही होता. त्याच सुमारास गुढीपाडवा होऊन शके १६५८ संपले होते आणि शके १६५९, पिंगल नाम संवत्सर, सुरू झाले होते. एका आठवड्याच्या आत दोन निरनिराळ्या समाजांची वर्षे बदलली.

मराठी दप्तराची रीत याहूनही वेगळी होती. तेथे व्यवहाराचे वर्ष शकाचे नसून बहुधा सुहूर सनाचे असे. ही गणना इ. स. १३४४ पासून, तुघलकांच्या काळी, सुरू झाली असे मानले जाते. तिचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी होई. म्हणूनच तिला मृगसाल असेही नाव पडले. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या काळासाठी सुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या काळासाठी ६०० मिळवले असता इसवी सन मिळतो. ठाणे पडले ते वर्ष या हिशेबाने ११३७ होय, आणि कागदांत ते अंकांऐवजी शब्दांत लिहिले जाई : सबा सलासीन मया व अलफ.

या शब्दरचनेकडे भाषेच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त आहे. सबा म्हणजे सात, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. प्रथम एकम्, मग दशम्, मग शतम् आणि शेवटी सहस्र, असा हा क्रम आहे. मराठीतही 'सदतीस' या शब्दात सात आधी व तीस नंतर येतात. तेव्हा अरबी संख्यावाचकाचा पूर्वार्ध मराठी लेखकास परका वाटण्याचे कारण नव्हते. शतक व सहस्राचा उलटा क्रम मात्र त्यास पाठ करावा लागे. मूळ अरबीतील दन्त्य घर्षक ध्वनी मराठीत 'स' झाला, आणि कंठ्य ध्वनी लोप पावले. परिणामी काही रूपे एकमेकांस फार जवळ आली. सबा म्हणजे सात, परंतु सबैन म्हणजे सत्तर. सलास म्हणजे तीन, परंतु सलासीन म्हणजे तीस. आठाचा वाचक 'समान' हा तर मराठीतील परिचित संस्कृत शब्दासारखाच दिसतो. घाईने लिहिलेल्या मोडी कागदात एका अक्षराच्या चुकीने कागद कित्येक वर्षे मागे-पुढे सरकतो.

आणखी एक गुंतागुंत आहे. वर्ष मृगाचे, म्हणजे सौर. परंतु तारीख 'छ' या खुणेने दिली जाई, आणि ती हिजरी चांद्र महिन्याची असे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून एकाच सुहूर सनात काही हिजरी तारखा दोनदा येतात. अशा ठिकाणी केवळ तारखेवरून निर्णय न करता मजकुराचा आधार घ्यावा लागतो.

पंचांग बदलताना गोंधळ झाला तो केवळ कोकणच्या कागदांत, असे समजू नये. स्वीडनने इ. स. १७०० पासून चाळीस वर्षांतील लीप दिवस गाळून हळूहळू नव्या गणनेवर यावयाचे ठरविले. १७०० चा लीप दिवस गाळला गेला. पण पुढे युद्धाच्या धामधुमीत १७०४ व १७०८ चे दिवस गाळलेच नाहीत. त्यामुळे स्वीडनची तारीख जुन्या गणनेशीही जुळेना आणि नव्याशीही. अखेर बाराव्या चार्ल्सने जुन्या गणनेकडे परतण्याचे ठरविले, आणि १७१२ मध्ये फेब्रुवारीस तीस दिवस देण्यात आले. ते वर्ष ३६७ दिवसांचे झाले. नवी गणना स्वीडनमध्ये १७५३ मध्ये आली. एका वर्षाची लांबी राज्यकर्त्याच्या आज्ञेवर ठरू शकते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

हा सारा विचार केवळ तारखांच्या शुद्धीपुरता नाही. समजा, एका प्रसंगावर मुंबईहून लिहिलेले पत्र २८ मार्चचे आणि वसईहून लिहिलेले ८ एप्रिलचे आहे. गणनाभेद ध्यानी न घेणारा वाचक त्यांत अकरा दिवसांचे अंतर मानील, आणि त्या अंतरावरून दिरंगाईचा किंवा कपटाचा आरोप रचील. वास्तविक दोन्ही पत्रे एकाच दिवसाची असतील.

उलटपक्षी, मोहिमेचा क्रम समजण्यास सुहूर सन इसवी सनाहून अधिक सोयीचा ठरतो. फौजेतील पुष्कळ माणसे शेतीशी बांधलेली होती. पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर, मोहीम निघे, आणि मृगाच्या सुमारास माणसे परतू लागत. मृगसाल ही या जीवनक्रमाची गणना आहे. तिच्यानुसार ठाणे पडले ते सबा सलासीन; पुढचे समान सलासीन; आणि वसई मिळाली ते तिसा सलासीन. तीन मृगसालांत मोहिमेचा आरंभ, मध्य आणि शेवट स्वच्छ मांडता येतो. इसवी १७३७ हे वर्ष मात्र ही रचना मधोमध कापते, कारण ठाण्याचा विजय आणि त्यानंतरचा पावसाळा त्याच्या एकाच चौकटीत येतात.

तेव्हा या काळातील कोणताही कागद वाचताना अभ्यासकाने तीन प्रश्न आधी विचारावेत : तो कोणत्या गणनेतील आहे, त्या गणनेचे वर्ष केव्हा सुरू होते, आणि आधुनिक ग्रंथकाराने त्याचे रूपांतर जुन्या इंग्रजी तारखेत केले की नव्या. उत्तर मिळेपर्यंत दोन तारखा परस्परविरोधी आहेत असे लिहू नये. स्वतः तारीख देताना मूळ कागदातील सन व महिना प्रथम जसेच्या तसे द्यावेत, आणि त्यापुढे इसवी तारीख कोणत्या गणनेची आहे ते स्पष्ट नोंदवावे.