मुलीची बोटे पुरेनात!

आमच्या शेजारची नऊ वर्षांची मुलगी मोठ्या हौसेने गिटार शिकू लागली आणि महिन्याभरात घरी बसली. बोटेच पुरत नाहीत, म्हणे! "हात मोठा झाला की पाहू," असे तिचे वडील म्हणाले. आम्हाला ते पटले नाही. गणवेश मुलाच्या अंगाच्या मापाने शिवतो, मग वाद्य का नको? आणि हौस काही तोवर थांबत नाही.

पेठेतल्या एका वाद्य-कारागिराला आम्ही गाठले. लहान गिटार करायला तो तयार होता; अडचण होती साच्याची. गिटारच्या दांडीवर फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, बसवण्यासाठी खाचा पाडाव्या लागतात. त्याच्याजवळचा साचा ६४८ मि.मी. लांबीच्या तारेचा. एका गिटारसाठी नवा साचा परवडणारा नव्हता. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. कारागीर कानाने ऐकून ते सरकवतो. गिटारचा पडदा एकदा ठोकला की ठोकला. खाच चुकली, तर वाद्य बेसूरच.

मग आम्ही साच्याची मापे कागदावर मांडली आणि बी.कॉम.ला शिकलेला घसारा आठवला! पहिल्या पडद्यापाशी तारेची लांबी ६११.६ उरते, दुसऱ्यापाशी ५७७.३. दर पडद्याला उरलेल्या लांबीतून सुमारे ५.६ टक्के वजा. घटत्या शिल्लक पद्धतीत पहिली दोन वर्षे सोडून वही सुरू केली, तरी पुढचा हिशेब तोच राहतो. तसेच इथे. तार जिथे सुरू होते ती नटची पट्टी साच्याच्या दुसऱ्या खाचेवर धरली, की त्याच साच्यातून ५७७ मि.मी.ची गिटार निघते. पाऊण मापाची गिटार साधारण एवढीच असते. पहिल्या पडद्याचे अंतर ३६.४ वरून ३२.४ मि.मी.वर येते. चार मि.मी. म्हणजे काय, ते लहान बोटांना विचारा! आरी तीच, खुंट्याही त्याच.

घाईत एक चूक मात्र आमचीच झाली. मोठ्या गिटारच्या तारा चढवल्या. त्या सैल पडून खरखरू लागल्या. सूर तोच ठेवून तार आखूड केली की ताण घटतो. इथे तो पाचव्या हिश्शाने कमी झाला होता. सुमारे बारा टक्के जाड तारा आणल्या, तेव्हा आवाज भरला.

पालकांनी गिटार घेताना मुलाला दुकानात सोबत न्यावे. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत टेप लावून दुप्पट करावी. तेच तारेचे माप.

एकोणिसाव्या शतकात मिरजेत हत्यारे घडवणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हाती असलेल्या हुन्नराला नवे वळण देता येते. शेजारची मुलगी आता रोज संध्याकाळी वाजवते. हात मोठा होण्याची वाट तिने पाहिली नाही.