मुक्तस्रोत हायपरवायझर पारखायचा कसा?
ब्रॉडकॉमनं २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतलं आणि कायमस्वरूपी परवाने बंद केले. तेव्हापासून विचारणा सुरू आहे, ‘प्रॉक्समॉक्सवर जाऊ का?’ जा, पण आधी पारखून घ्या.

वेग सगळेच तपासतात. प्रॉक्समॉक्सच्या खाली केव्हीएम आहे, ते २००७ पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. तिथं सहसा अडत नाही. अडतं ते सर्व्हर पडल्यावर. आता बघा, दोनच सर्व्हरचा क्लस्टर करा आणि एकाची वीज काढा. उरलेल्याकडे दोनपैकी एकच मत. बहुमत नाही, त्यामुळे तो दुसऱ्याच्या व्हीएम चालू करणार नाही. म्हणजे तिसरं मत हवंच.

आणि बॅकअप? तो घड्याळ लावून रिस्टोअर करून बघा. जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तुमचं काम थांबणार आहे.