नोकरी गेली? दुकानाचं शटर उघडण्याआधी ईएसआयचा क्लेम बघा

चाकण, रांजणगाव, वाळूज, खामगाव एमआयडीसी, मलकापूरची दसरखेड एमआयडीसी… आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली कितीतरी पोरं अशा ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर काम करतात. ऑर्डर कमी झाली की ठेकेदार सांगतो, "उद्यापासून येऊ नको." मग पोरगा मेहकरला नाहीतर देऊळगाव राजाला घरी येतो आणि ठरवतो, की आता कोणाची नोकरी नाही, स्वतःचा धंदा. विचार चांगला आहे. पण भांडवल कुठून आणणार विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "पीएफ काढतो ना सर."

पीएफकडे आपण नंतर येऊ. त्याच्या आधी हक्काचे थोडे पैसे वेगळ्या खिडकीवर पडलेले असतात आणि बहुतेकांना त्या खिडकीचा पत्ताच नसतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. 'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता, महिन्याला ३,५०० रुपये, लिंकवर क्लिक करा' हा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला असेलच. अशी योजना नाही. केंद्र सरकारच्या पीआयबीने तो मेसेज खोटा असल्याचं सांगितलेलं आहे. लिंकवर आधार आणि बँकेची माहिती टाकू नका. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना खरी आहे, पण तिथे काम शिकताना विद्यावेतन मिळतं. नोकरी गेल्याची भरपाई म्हणून ती नाही.

मग नोकरी गेल्यावर खरंच काय मिळतं? तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' नावाची कपात होती का, ते बघा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ०.७५ टक्के तुमच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातात. म्हणजे १५,००० पगार असेल तर तुमचे ११३ रुपये. आपण समजतो हे फक्त दवाखान्यासाठी आहे. पण याच विम्यात १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवस रोख मदत, आयुष्यात एकदाच. सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोरोनात लाखोंचं काम गेलं तेव्हा, २०२० मध्ये, ते ५० टक्के केले आणि अटीही सैल केल्या. योजनेला मुदतवाढ मिळत आलेली आहे. म्हणून अर्ज करण्याआधी सध्याची मुदत आणि दर महामंडळाच्या वेबसाइटवर बघून घ्या, जुन्या व्हिडिओवर जाऊ नका (माझ्यासुद्धा).

हिशोब करून बघू. मागच्या चार अंशदान कालावधींत, म्हणजे साधारण दोन वर्षांत, मिळालेला एकूण पगार घ्यायचा आणि ७३० ने भागायचा. १५,००० रुपये महिना धरला तर २४ महिन्यांचे ३,६०,००० होतात. भागिले ७३० म्हणजे रोजचे ४९३ रुपये. त्याचे अर्धे साधारण २४६. नव्वद दिवसांचे २२,००० च्या वर जातात. दोन वर्षांत तुमची कपात झाली असेल २,७०० च्या आसपास. या २२,००० मध्ये दुकान उभं राहत नाही, हे मलाही कळतं. पण तीन महिने घरचा किराणा आणि लाईटबिल निघतं, आणि भांडवलाला हात लावावा लागत नाही.

आता अटी. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं तुम्ही विम्याखालच्या नोकरीत असायला हवे. अंशदानाचे कालावधी वर्षात दोन असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं पाहिजे, आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एका कालावधीत ७८ दिवस. गैरवर्तनासाठी काढलं असेल, वय झालं म्हणून निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाशी जोडलेलं लागतं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ठेकेदार कोरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे असं लिहून दे, मग हिशोब देतो." घाईत लिहून देऊ नका. तुम्हाला काढलंय, तुम्ही सोडलेलं नाही. कागदावर 'स्वतःहून सोडली' आलं की ईएसआयच्या शाखेत प्रश्न विचारले जातात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे कपातीची भरपाई. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला काम नाही म्हणून कमी करायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. एका ओळीच्या राजीनाम्यात हे सगळं जातं. तोंडी काढलं असेल तर निदान सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर विचारून ठेवा, "साहेब, मला अमुक तारखेपासून कामावर घेणार नाही म्हणालात, ते पक्कं का?" उत्तर आलं की स्क्रीनशॉट जपून ठेवा. गेटपास आणि पगाराच्या स्लिपाही फेकू नका.

अर्ज अवघड नाही. नोकरी गेल्यावर ३० दिवस झाले की करता येतो, पूर्वी ९० दिवस थांबावं लागायचं. दहा आकडी विमा क्रमांकाने ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा. तिथे आधी अंशदानाचा इतिहास उघडून बघा. पगारातून कपात झाली पण भरणाच झाला नाही असंही घडतं, आणि ते इथेच कळतं. भरणा दिसत नसेल तर स्लिप घेऊन शाखेत लेखी तक्रार द्या. सगळं बरोबर असेल तर क्लेम भरा, आधार आणि पासबुकची प्रत जोडा. आधी प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढली. जुन्या मालकाची सहीसुद्धा लागत नाही, पडताळणी शाखा करते आणि पैसे थेट खात्यात येतात. कागद अपलोड झाले नाहीत तर अर्जाची प्रिंट काढून सही करा आणि कागदांसह शाखेत द्या. पुण्याहून गावी परत आला असाल तर आपली शाखा कुठली, ते पोर्टलवरच बघा, उगाच तालुक्याच्या गावाला चकरा मारू नका. आणि 'क्लेम पास करून देतो, अर्धे माझे' म्हणणाऱ्याला घराबाहेरूनच नमस्कार.

कारखानाच बंद पडला किंवा कायदेशीर कामगारकपात झाली असेल, आणि तुमची विम्यातली वर्षं जास्त असतील, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. ती २००५ पासून आहे आणि तिथे भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. शाखेत हे नाव स्वतः घेऊन विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. भत्ता चालू असताना धंदा सुरू केला तर? ही मदत बेरोजगार असण्याची आहे. नवीन नोकरी लागली की त्या तारखेपर्यंतचीच मिळते. इकडे गल्ला चालू आणि तिकडे बेरोजगार म्हणून क्लेम, हे करू नका. खोट्या माहितीवर घेतलेले पैसे वसूल होतात आणि कारवाई वेगळी. माझं मत विचाराल तर हे ९० दिवस दुकान उघडायचे नाहीतच. जागा बघा, होलसेलचे भाव काढा, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या, प्रकल्प अहवाल तयार करा. आपल्याकडे सोयाबीन-कापूस घरात आल्याशिवाय बाजारात पैसा फिरत नाही. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर उघडलेल्या दुकानात पहिले चार महिने वहीत उधारीच जास्त लिहिली जाते.

राहिला पीएफ. काढायचाच असेल तर आधी तुमची नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढली का ते बघा. मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने तुम्ही स्वतः टाकू शकता. नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम आधी आणि उरलेली नंतर, अशी रचना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने उरलेल्या २५ टक्क्यांसाठी १२ महिने थांबण्याचा निर्णय घेतला. म्हणून 'दोन महिन्यांत सगळा पीएफ हातात येतो' हे धरून दुकानाच्या डिपॉझिटचा शब्द कोणाला देऊ नका. नोकरीची एकूण पाच वर्षं झाली नसतील आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापला जातो. पेन्शनचा भाग वेगळा असतो. दहा वर्षं व्हायला थोडीच बाकी असतील तर तो काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे पुढे कधी नोकरी केली तर जुनी वर्षं जोडली जातात.

ज्यांची कपात कधी झालीच नाही, रोख पगारावर काम केलं, त्यांना यातलं ईएसआय-पीएफचं काही मिळणार नाही. उद्या तुमच्या कारखान्यात दहा माणसं झाली की ईएसआयची हीच नोंदणी तुम्हाला करावी लागेल, तेव्हा ३.२५ टक्के वाचवायला दहाव्या माणसाचं नाव वहीबाहेर ठेवू नका.

तुमच्या स्लिपवरची कपात आणि पोर्टलवरचा भरणा जुळत नसेल तर कमेंटमध्ये महिना आणि रक्कम लिहा. विमा क्रमांक किंवा आधार नंबर तिथे टाकू नका.