उरलेली आमटी-भाजी कुंडीत चालते का?

चालते! फक्त तशीच ओतायची नाही. 🌱

शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, भाताला फोडणी मिळते. तरी वाटीभर आंबलेली भाजी उरतेच. ती मोरीत ढकलली की तेल पाइपात थिजतं आणि मोरी तुंबते. घनकचरा नियमांनुसार ओला कचरा वेगळा ठेवणं आपलंच काम आहे. मग घरीच जिरवूया की!

👉 भाजी गाळणीत निथळा, तेलाचा तवंग जुन्या वर्तमानपत्रानं टिपा.
👉 तळाला भोकं पाडलेल्या बादलीत वाळक्या पाल्याचा जाड थर द्या.
👉 वाटीभर खरकट्याला दोन वाट्या पाला किंवा कोकोपीट मिसळा. वर पुन्हा पाला, मग झाकण.
👉 दह्याला विरजण लावतो तसं मूठभर जुनं खत घाला.
👉 दोन-तीन दिवसांनी काठीनं हलवा. आतल्या जिवाणूंना हवा लागते.

आंबूस वास आला? ओल जास्त झाली, पाला वाढवा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, पण पाणी गळू नये. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या खरकटं फस्त करतात.

❌ मटणाची हाडं, मासळी आणि तळणीचं तेल नको. उंदरांना आयतं आमंत्रण!

दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. वास? पहिल्या पावसातल्या मातीचा. माझ्या कढीपत्त्याला विचारा! 😄