रक्तशर्करेचे संवेदन व नियमन : कुंडल परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल व त्याचा परिसर कृष्णा खोऱ्यातील ऊसपट्ट्यात मोडतो. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना येथेच आहे. ज्या परिसराचे अर्थकारण ऊस, गूळ व साखर यांच्याशी निगडित आहे, तेथे मधुमेहाचा विषय निघाला की दोन समज हमखास व्यक्त होतात. गोड खाणाऱ्यालाच हा विकार होतो, हा पहिला. आणि सडपातळ माणसाला त्याची भीती नाही, हा दुसरा. शरीर रक्तातील साखर कशी ओळखते व तिचे नियमन कसे करते, हे लक्षात घेतल्यास दोन्ही समज अपुरे ठरतात. या यंत्रणेचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. रक्तातील शर्करेचे प्रमाण

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये ९० मिलिग्रॅम ग्लुकोज धरल्यास संपूर्ण रक्तात ते केवळ साडेचार ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा भरते. याउलट उसाच्या रसाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात साधारणतः २५ ग्रॅम साखर असते. आतड्यात तिचे विघटन होऊन जवळजवळ निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज मिळते. म्हणजे एका पेल्यातून रक्तातील एकूण साठ्याच्या सुमारे पावणेतीनपट ग्लुकोज आत येते. ज्वारीची भाकरी व भात यांतील पिष्टाचेही अखेर ग्लुकोजच होते. तरीही निरोगी माणसाची रक्तशर्करा जेवणानंतर सहसा १४० मिलिग्रॅमच्या आत राहते. दुसरीकडे, एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणून उपवासातही ही पातळी फार खाली जाऊन चालत नाही.

३. संवेदन : बीटा पेशींचे कार्य

हे मोजमाप मुख्यत्वे स्वादुपिंडातील लँगरहान्सच्या बेटांमध्ये होते. तेथील बीटा पेशी ग्लुकोज केवळ स्पर्शाने ओळखत नाहीत. त्या त्याचे ज्वलन करून त्याची मोजदाद करतात. ग्लुकोज पेशीत शिरले की ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्यावर पहिली प्रक्रिया करते. मेंदूतील तत्सम विकर अत्यल्प ग्लुकोजवरच पूर्ण वेगाने चालते. ग्लुकोकायनेजचा वेग मात्र रक्तशर्करेच्या नेहमीच्या पट्ट्यातच कमीअधिक होतो. त्यामुळे रक्तात साखर जितकी जास्त, तितके ज्वलन अधिक व तितकी एटीपी या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती अधिक.

एटीपी वाढताच पेशीपटलावरील पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, पटलावरील विद्युत्‌भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि साठविलेले इन्सुलिन रक्तात सोडले जाते. ग्लिमेपिराइडसारखी औषधे हेच पोटॅशियमचे मार्ग थेट बंद करतात. ग्लुकोकायनेज हाच खरा संवेदक आहे, याचा पुरावा मानवी आनुवंशिकीतून मिळाला. या विकराच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत रक्तशर्करा आयुष्यभर किंचित वाढलेली राहते, असे १९९२ साली आढळले. या व्यक्तींमध्ये नियमन चालू असते. फक्त ते वरच्या पातळीवर स्थिरावलेले असते.

४. नियमन : साठवण व पुरवठा

इन्सुलिनमुळे स्नायू व मेद पेशी ग्लुकोज आत घेतात आणि यकृत त्याची ग्लायकोजेनच्या रूपात साठवण करते. तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजमुळे आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्रवतात व बीटा पेशींचा प्रतिसाद वाढवितात.

पातळी खाली येऊ लागली की बचाव टप्प्याटप्प्याने होतो. प्रथम इन्सुलिनचा स्राव घटतो. पातळी ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याच्या सुमारास अल्फा पेशींचे ग्लुकॅगॉन व अधिवृक्क ग्रंथींचे अॅड्रेनॅलिन वाढते आणि यकृत आपला साठा मोकळा करते. त्याखाली घाम, थरथर, भूक ही लक्षणे जाणवतात.

विशेष म्हणजे राबणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढून घेऊ शकतो. भांगलण, नांगरट, पाणी पाजणे ही कामे यंत्रांकडे व मोटारींकडे जाताना नियमनाचा हा स्वतंत्र मार्गही आकुंचित झाला, याची नोंद घ्यावयास हवी.

५. बिघाड व पुण्याचे संशोधन

ऊतींनी इन्सुलिनला दाद देणे कमी केले की बीटा पेशी अधिक इन्सुलिन स्रवून तूट भरून काढतात. परिणामी अनेक वर्षे रक्तशर्करा ‘नॉर्मल’ दिसते. बीटा पेशींची क्षमता अपुरी पडू लागते, तेव्हाच ती वाढते. अर्थात, मधुमेहाचे निदान हा विकाराचा आरंभ नसून दीर्घकाळ चाललेल्या भरपाईचा शेवट असतो.

या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य मूलगामी आहे. १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ते सुमारे ३.५ किलो आढळले. मात्र ग्रामीण बालकांत स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले : दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. बारीक दिसणे म्हणजे मेद कमी असणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

६. निष्कर्ष

आपण काय खाल्ले यापेक्षा रक्तात काय पोहोचले व स्नायूंनी त्यातील किती उचलले, यावर नियमनाचा भार ठरतो. साखर हा त्यातील एक घटक आहे; एकमेव नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही व १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही आहेत. पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर आहार व श्रम यांनी विकार लांबविता येतो. त्यासाठी शरीरयष्टी पाहून अंदाज न बांधता तपासणी करणे हाच मार्ग होय. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा अधिक शर्करा ही मधुमेहाची मर्यादा मानली जाते. लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करावी लागते. महाविद्यालयांच्या आरोग्य शिबिरांत वजनासोबत कमरेचा घेर व रक्तशर्करा मोजली गेल्यास, विद्यार्थी व प्राध्यापक या दोहोंनाही ही भरपाई अपुरी पडण्यापूर्वी सावध होता येईल.